चेहऱ्यावरील डाग आणि लेसरचे किरण

दुसऱ्याच्या चेहऱ्याविषयी, त्याने न विचारता, काही बोलू नये, हा साधा धडा शिकावयास मला अठ्ठावन्न वर्षे लागली. आणि तोही घरच्याच एका माणसाला दुखविल्यानंतर मिळाला. लेसरच्या उपचारांच्या जाहिराती हल्ली इतक्या येतात, आणि घराघरांतून त्यांविषयी दबक्या आवाजात इतकी चर्चा चालते, की आमच्या घरी प्रत्यक्ष जे घडले ते जसेच्या तसे लिहून काढले तर चार घरांस त्याचा उपयोग होईल, असे मला वाटू लागले आहे. मी डॉक्टर नव्हे. जे पाहिले, जे डॉक्टरीणबाईंना खोदखोदून विचारले, आणि मागाहून जे वाचून ताडून पाहिले, तेवढेच येथे सांगणार आहे.

आमचे कुटुंब पुण्यातले, एकत्र राहणारे. तिघे भाऊ, आम्ही तिघी जावा, वर सासूबाई आणि खाली मुलांचा गोतावळा. माझी धाकटी जाऊ माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळा दुपारची, त्यामुळे ऐन बाराच्या उन्हात स्कूटरवरून जावयाचे. पुण्यातल्या इतर मुलींप्रमाणे तोंडाला रुमाल गुंडाळून जाणे तिला जमत नसे. जीव गुदमरतो म्हणे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग उठले, आणि ते वर्षागणिक गडद होत गेले. ती त्याविषयी कधी अवाक्षर बोलली नाही. म्हणून तिला त्याचे काही वाटत नसावे, असे आम्ही धरून चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रातली गोष्ट. आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. दिवाणखाना बायकांनी भरलेला, कैरीची डाळ आणि पन्हे फिरत होते. धाकटी हरभऱ्यांची ओटी भरीत पुढे आली, तिच्या तोंडावर खिडकीतले ऊन पडले, आणि मी सर्वांच्या देखत म्हणून गेले, “अगं, वांग किती चढलेत गं तुझ्या गालांवर! लग्नात कशी नितळ दिसत होतीस!” दोघीतिघींनी वळून पाहिले. कोणी लोध्राचा लेप सुचविला, कोणी जायफळ उगाळून लावावयास सांगितले. ती हसली आणि तबक घेऊन पुढच्या बाईकडे गेली. माझ्या मनात काही वाईट नव्हते. परंतु मनात वाईट नसणे आणि तोंडून वाईट न जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पुढे वैशाखात नणंदेच्या मुलाचे लग्न निघाले. धाकटी येईना. अंगात कणकण आहे, म्हणाली. सगळे निघण्याच्या गडबडीत होते, म्हणून मीच आल्याचा चहा घेऊन वर तिच्या खोलीत गेले. खिडकी लावलेली होती. तिने पदर तोंडावरून काढला तेव्हा माझ्या हातातली बशी हिंदकळली. पूर्वी तपकिरी असलेल्या वांगांच्या जागी काजळी फासावी तसे काळपट चट्टे उमटले होते, आणि त्यांच्या कडेने कातडी लालसर सोलवटल्यासारखी दिसत होती.

“हे काय करून घेतलेस?”

“लेसर केला, वहिनी,” ती म्हणाली. मग थोडे थांबून, “तुम्हाला दोष देत नाही हो. पण तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ना, ते मनातून जाईना. लग्नाआधी चेहरा स्वच्छ करून घ्यावा, असे वाटले.”

मी तिच्यापाशी बसले. त्या लग्नाला आम्ही दोघीही गेलो नाही.

तिने जे सांगितले ते असे. रहदारीच्या रस्त्यावर एक झगझगीत जागा होती. काचेची दारे, पांढरा अंगरखा घातलेल्या मुली. तीन वेळा आलात की चेहरा स्वच्छ, असे तेथे सांगण्यात आले. तिने भिशीचे अठरा हजार रुपये भरले. एका कागदावर सही घेतली, तो तिने वाचला नाही व कोणी वाचून दाखविलाही नाही. तपासणारे डॉक्टर आत असल्याचे सांगण्यात आले. दिसले मात्र नाहीत. चेहऱ्याला आधी काय लावता, कोणत्या गोळ्या चालू आहेत, उन्हात किती जाता, हे तिला एकानेही विचारले नाही. काम पाऊण तासात उरकले, आणि ती एप्रिलच्या भर दुपारी उघड्या तोंडाने स्कूटरवरून घरी आली. तीन दिवस गाल लाल होते. दहाव्या दिवसापासून ते काळे पडू लागले.

चौकशी करून आम्ही एका वयस्क त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. दवाखाना लहानसा, बाकावर दोन तास बसावे लागले. परंतु आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटे बाईंनी यंत्राला तर नाहीच, चेहऱ्यालाही हात लावला नाही. त्या नुसते प्रश्न विचारीत होत्या. वांग बाळंतपणानंतर आले की आधीपासून होते? आईला होते काय? संततिनियमनाच्या गोळ्या घेता काय? आणि आजवर तोंडाला काय काय लावले? या शेवटच्या प्रश्नावर धाकटी गप्प झाली. मग तिने पिशवीतून एक चेपलेली ट्यूब काढली. शाळेतल्या एका मैत्रिणीने सुचविलेले मलम. औषधांच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळाले. सात-आठ महिने लावीत होती. बाईंनी नाव वाचले आणि मान हलविली. त्यात स्टिरॉइड होते. अशा मलमाने प्रथम चेहरा उजळतो, म्हणून माणूस ते सोडीत नाही. परंतु महिनोन्‌महिने लावल्याने कातडी पातळ होते, लाल होते, उन्हाला सोसत नाही, कधी मुरूम व लव वाढते, आणि सोडले की डाग पूर्वीहून जोराने वर येतात. डॉक्टरांनी, ठरावीक मुदतीपुरते, लक्ष ठेवून दिले तर त्याला स्थान आहे. आपल्या मनाने लावले तर नाही. “अशा पातळ झालेल्या कातडीवर, उन्हाळ्यात, वांगांवर किरण टाकले,” बाई म्हणाल्या, “मग दुसरे काय होणार?”

मला राहवले नाही. मी विचारले, “पण बाई, लेसर डाग जाळण्यासाठीच असतो ना? मग डाग वाढला कसा?” त्यांनी जे समजावून दिले, ते या विषयातले सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साध्या दिव्याचा प्रकाश अनेक रंगांचा आणि चहूकडे पसरणारा असतो; लेसरचा एकाच रंगाचा व एका रेषेत जाणारा. त्वचेत प्रकाश शोषणाऱ्या मुख्य वस्तू तीन : मेलॅनिन नावाचे काळसर रंगद्रव्य, रक्तातील लाल द्रव्य आणि पाणी. ज्या रंगाचा प्रकाश जी वस्तू अधिक शोषते तो रंग तिच्यासाठी निवडावा, आणि झोत इतका क्षणिक टाकावा की तिच्यातील उष्णता शेजारी पसरण्यापूर्वीच तो थांबलेला असेल. मग हवी ती वस्तू तापून फुटते आणि भोवतालचा भाग बचावतो. हे तत्त्व रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी १९८३ साली मांडले, आणि त्वचेवरचे आजचे बहुतेक लेसर त्याच्याच आधाराने चालतात.

ऐकावयास हे फार सुबक वाटते. अडचण आहे ती आपल्या वर्णाची. युरोपियन माणसाच्या गोऱ्या कातडीवर काळा डाग म्हणजे पांढऱ्या कागदावरचा शाईचा ठिपका. किरणाला तो अचूक ओळखता येतो. आपल्या सावळ्या-निमगोऱ्या त्वचेत तेच रंगद्रव्य सगळीकडे पसरलेले असते. किरण डाग कोणता आणि त्वचा कोणती हा भेद नीट करू शकत नाही, आणि वरची कातडी विनाकारण तापते. शिवाय आपल्या त्वचेचा स्वभाव असा, की तिला चटका, ओरखडा किंवा मुरूम, काहीही इजा झाली की ती तेथे रंग अधिक तयार करते. स्वयंपाकघरात हाताला बसलेला तव्याचा चटका बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने काळा राहतो, हे आपणा बायकांस कोणी शिकवावयास नको. त्यातही वांग हा नुसता साठलेला रंग नव्हे. तेथल्या रंग तयार करणाऱ्या पेशीच अतिउत्साही झालेल्या असतात. गर्भारपण, काही गोळ्या, ऊन आणि आनुवंशिकता यांनी त्या चाळवतात. साठलेला रंग किरणांनी फोडला, तरी तो तयार करणाऱ्या पेशी तेथेच राहतात, आणि उष्णतेने डिवचल्या म्हणजे पुन्हा दुप्पट जोमाने कामास लागतात. म्हणून वांगांवर लेसर हा पहिला उपाय नव्हेच. बाकीचे सर्व करून भागले नाही तर, सौम्य मात्रेत, जाणत्या हाताने, आणि डाग परत येऊ शकतात हे रुग्णाला आधी सांगून करावयाची ती गोष्ट आहे.

“मग माझे हे असेच राहणार का?” धाकटीने विचारले. बाई म्हणाल्या, “नवीन काळेपणा आहे तो जाईल, सहा महिने धरा. जुने वांग फिके होतील. पण मुळापासून जातील, असे वचन मी देणार नाही. जे देतात, त्यांच्यापासून दूर राहा.”

उपाय त्यांनी अगदी नीरस सांगितला. ते मलम त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद करावयाचे. तोंडाला सौम्य साबण. रोज सकाळी सनस्क्रीन. तेही बोटाच्या टोकाएवढे नव्हे, तर तोंड आणि मान यांना मिळून दोन बोटांच्या लांबीचे, आणि बाहेर असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांगांना नुसते ऊनच नव्हे, तर दिसणारा प्रकाशही चाळवतो. त्यासाठी लोहाचे ऑक्साइड घातलेले, फिकट मातकट रंगाचे सनस्क्रीन त्यांनी दिले. खिडकीच्या काचेतूनही उन्हाचा काही अपायकारक भाग आत येतो, ही गोष्ट मला नवीन होती. गुदमरले तरी रुमाल बांधावयाचा. संततिनियमनाच्या गोळ्यांऐवजी दुसरा काही मार्ग आहे का, ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावयाचे. पुढे कातडी शांत झाल्यावर रात्री लावण्याचे एक औषध, तेही मोजक्या महिन्यांसाठी. कारण डाग उजळविणारी काही औषधे फार दिवस लावली तर त्यांनीच निळसर काळेपणा येतो.

घरी आल्यावर रात्री जेवताना या सर्वाची चर्चा झाली. आमचे मधले भावोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांना यंत्रांचा फार अभिमान. ते म्हणाले, “वहिनी, यंत्राला नावे ठेवू नका.” लेसरचे मूळ तत्त्व आइन्स्टाइनने १९१७ सालीच मांडले होते, १९६० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढून दाखविला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो त्वचेवर वापरून पाहिला. “आणि चेहऱ्यावरचे व्रण भरून काढण्याला आज जो कार्बन डायऑक्साइडचा लेसर वापरतात ना,” भावोजी जरा ताठ बसून म्हणाले, “तो १९६४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत तयार केला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, आणि शिक्षण आमच्या कॉलेजात!” हे सर्व खरे आहे, मी नंतर पडताळून पाहिले. परंतु त्या रात्री सासूबाई एवढेच म्हणाल्या, “सुरी चांगली असली म्हणून कोणाच्याही हातात द्यायची का?”

भावोजींच्या या अभिमानाची परीक्षा लवकरच झाली. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, चोवीस वर्षांचा. कॉलेजच्या वयात त्याला मुरमांनी फार छळले, आणि ते गेल्यावर गालांवर खड्डे ठेवून गेले. काकूची कहाणी ऐकून त्याने लेसरचा विचार सोडून दिला होता. परंतु त्याच डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या की, त्याच्या बाबतीत हा उपाय योग्य आहे. रोग निराळा, म्हणून उत्तर निराळे. लेसरला नावे ठेवणारा आणि डोक्यावर घेणारा, दोघेही हा भेद विसरतात.

त्याचे कसे झाले ते क्रमाने सांगते. म्हणजे काय अपेक्षा धरावी आणि काय धरू नये, ते कळेल. प्रथम नवे मुरूम पूर्ण थांबेपर्यंत किरणांचे नाव काढले नाही. मुरमांसाठी पूर्वी घेतलेल्या गोळ्या कधी बंद केल्या, ओठांवर जर उठतो काय, जखमेचे वण फुगून जाड होतात काय, हे विचारून घेतले. मग कानापुढे, जबड्याच्या कडेला, नखाएवढ्या जागेवर किरण टाकून चार आठवडे वाट पाहिली. तेथे काळे पडले नाही, तेव्हा पावसाळा संपल्यावर काम सुरू केले.

त्या दिवशी तासभर आधी चेहऱ्याला बधिर करणारे मलम लावून ठेवले. डोळ्यांवर झाकणे, खोलीतल्या प्रत्येकाच्याही डोळ्यांना चष्मा, कारण हा किरण डोळ्यांस घातक. प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचे. रबराचा छल्ला ताणून गालावर सोडावा तसे पुन्हा पुन्हा होते, आणि जळल्याचा किंचित वास येतो, असे तो म्हणाला. हा किरण त्वचेतल्या पाण्यात शोषला जातो. तो सरसकट टाकीत नाहीत. सूक्ष्म ठिपक्यांची जाळी उमटावी तसा टाकतात, म्हणजे मधली अस्पर्श त्वचा शेजारची जखम लवकर भरून काढते. ही युक्ती २००४ सालापासून पुढे आली. त्यापूर्वी संपूर्ण पापुद्रा काढीत आणि माणूस आठवडेच्या आठवडे घरात बसे.

पहिल्या रात्री उन्हाने तोंड भाजल्यासारखी आग. दुसऱ्या दिवशी सूज, विशेषतः डोळ्यांखाली. आजीने पाहून देवापुढे दिवा लावला. तिसऱ्या दिवसापासून चेहरा रव्यासारखा खरखरीत आणि तपकिरी ठिपक्यांचा. ते ठिपके नखाने काढावयाचे नाहीत. सौम्य धुणे आणि साधे मलम, एवढेच. सहा-सात दिवसांत ते आपोआप गळले. लाली दोन-तीन आठवडे टिकली. त्याने कचेरीतून आठवड्याची रजा घेतली होती ती पुरली. दुसऱ्या खेपेनंतर मात्र गालांवर तपकिरी छाया आली, आणि मधल्या जाऊबाईंनी दोन रात्री झोप घेतली नाही. परंतु ती सहा आठवड्यांत विरून गेली. आपल्याकडच्या त्वचेला असे होऊ शकते, हे बाईंनी आधीच सांगून ठेवले होते. संकटाची पूर्वसूचना मिळालेली असली म्हणजे त्याचे अर्धे भय कमी होते.

सहा-सहा आठवड्यांनी चार खेपा झाल्या. फळ शेवटच्या खेपेनंतरही काही महिने हळूहळू दिसत राहते, कारण आतले तंतू नवे बनण्यास तेवढा वेळ लागतो. आज पाहाल तर रुंद, उथळ खड्डे निम्म्याने भरले आहेत. सुईने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे होते ते बहुतेक तसेच आहेत. त्यांना निराळे, औषधी आम्लाचे किंवा बारीक शस्त्रक्रियेचे उपाय करावे लागतात. तो स्वतः समाधानी आहे. त्याला पहिल्याच दिवशी “निम्मे” असे सांगितले होते, आणि निम्मे मिळाले. “सगळे” असे सांगून तेवढेच मिळाले असते, तर तो आज रडत बसला असता.

तिसरी हकीगत माझ्या धाकट्या मुलीची. ती थोडक्यात सांगते. तिच्या ओठांवर आणि हनुवटीवर केस येत. बाईंनी लेसर करण्याआधी तिची पाळी नियमित आहे का ते विचारले, रक्त तपासावयास व सोनोग्राफी करावयास पाठविले, आणि मूळ कारण अंडाशयाचा विकार व त्यामुळे बिघडलेला अंतःस्रावांचा तोल हे निघाले. त्याचे औषध चालू नसते, तर एका बाजूने केस जाळावे आणि दुसरीकडून ते यावे, असे झाले असते. केसांसाठी आपल्या वर्णाला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्यातल्या त्यात निर्धोक, कारण तो वरच्या रंगात कमी अडकतो व खोल जातो. महिन्या-दीड महिन्याने एक, अशा आठ खेपा झाल्या. केस पुष्कळ कमी झाले, उरले ते बारीक झाले. परंतु कायमचे समूळ गेले, असे म्हणता येणार नाही, अधूनमधून एखादी खेप घ्यावी लागते. या काळात दोऱ्याने किंवा मेणाने केस उपटावयाचे नाहीत, कारण किरणाला मुळाशी केस सापडला पाहिजे. वाढले तर वस्तरा फिरवावा. मुलीच्या तोंडाला वस्तरा, हे ऐकून सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत! गालावरच्या कोवळ्या लवेवर मात्र बाईंनी किरण टाकण्यास नकार दिला. आपल्याकडील मुलींमध्ये कधी कधी त्याने उलट लव वाढते. मी हळूच माझ्या हनुवटीवरच्या दोन पांढऱ्या केसांचे विचारले, तर त्या हसल्या. पांढऱ्या केसांत रंगच नाही, तेव्हा किरणाने पकडावे काय?

या दोन वर्षांत मला जे उमगले त्यातले काही येथे नोंदवून ठेवते. किरणांनी गोरेपणा येत नाही. ते मागण्यास जाऊ नये, आणि देऊ करणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये. चेहऱ्यावरचा प्रत्येक काळेपणा वांग नव्हे. मानेवर, कपाळाच्या कडेला मखमलीसारखा जाडसर काळेपणा असतो, तो पुष्कळदा वाढत्या वजनाचा व मधुमेहाच्या वाटेवर असल्याचा इशारा असतो. त्यावर किरण टाकणे म्हणजे घंटा वाजते म्हणून घंटेवरच घाव घालण्यासारखे. एखादा तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर निदान झाल्यावाचून त्याला लेसर लावूच नये. जेथे जावयाचे तेथे विचारावे : किरण कोण टाकणार, त्यांचे त्वचारोगाचे शिक्षण काय, माझ्या रोगाचे नाव काय, आधी लहानशा जागेवर चाचणी करणार का, खेपा किती व एकूण खर्च किती, आणि बिघडले तर पाहणार कोण? या प्रश्नांचा ज्यांना राग येतो, तेथून उठून यावे. उपचारानंतर फोड आला, पू झाला किंवा दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, तर सणवार न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. चेहरा उन्हाने रापलेला असेल, किंवा लग्नकार्य पंधरा दिवसांवर आले असेल, तर मुळीच करू नये. घाईत केलेले किरणकाम हे घाईत केलेल्या सोयरिकीसारखे आयुष्यभर पुरते.

आणि एक गोष्ट डॉक्टरांच्या हातची नाही. ती आपल्या घरच्या माणसांच्या हातची आहे. धाकटीला त्या काचेच्या दारापर्यंत जाहिरातीने नेले, असे मी बरेच दिवस मनाला समजावीत होते. ते खरे नाही. जाहिरात रस्त्यावर कित्येक महिने लागलेली होती. ती रोज तिच्यासमोरून जात होती. ती आत गेली ती माझ्या वाक्यानंतर. सुनेच्या, मुलीच्या, भाचीच्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला आरशात रोज दिसत असते. आपण सांगून तिच्या ज्ञानात भर पडत नाही, दुःखात मात्र पडते. हे मी तिला एकदा स्वच्छ शब्दांत बोलून दाखविले आणि क्षमा मागितली. वयाने मोठ्या माणसाने धाकट्याची क्षमा मागण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती. ती एकदम उठून मला नमस्कार करू लागली, तेव्हा मीच ओशाळले.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे नवीन काळेपणा दिवाळीच्या सुमारास ओसरला. जुने वांग फिके झाले आहेत. उन्हाळ्यात थोडे वर येतात, थंडीत मागे सरतात. ती आता रुमाल बांधून शाळेत जाते, आणि तिच्या टेबलावर सनस्क्रीनची बाटली असते. तिच्या वर्गातल्या मुलीही तिला त्याबद्दल विचारतात.

यंदाच्या चैत्रातले हळदीकुंकू परवाच झाले. गावाहून आलेल्या चुलत सासूबाईंनी चष्मा सावरून धाकटीकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, “तुझे ते गालावरचे...” त्यांचे वाक्य पुरे होण्याच्या आत मी कैरीच्या डाळीची वाटी त्यांच्या हातात दिली. “आधी डाळ खाऊन पाहा, काकू. यंदा हिने केली आहे. मीठ बरोबर आहे ना, तेवढे सांगा.”

काकूंनी डाळ तोंडात घातली आणि मीठ थोडे कमी आहे, असे सांगितले.